वाघूळ आणि वागळी : एक झाडावर, एक समुद्रात. नातं काय?

पाळीवरचा मास्तर (साकोली तालुका) | ४ मे, रात्री ९.१०

बहीण सुट्टीत माहेरी आली आहे. आमचे जवाई मालवणात नोकरीला, त्यामुळे भाचा पक्का तिकडचा झालाय. सहावीत आहे. काल दिवस मावळताना त्याला घेऊन मामा तलावाच्या पाळीवर गेलो. (मामाच्या गावचा मामा तलाव, यावर तो दोन दिवस हसतोय. माजी मालगुजारीचं मामा झालंय हे सांगून पाहिलं, पण त्याला त्याचा अर्थच आवडतो.)

पाळीवरच्या अर्जुनाच्या झाडांवर वाघळांची वस्ती आहे. माझ्या लहानपणापासून आहे. सध्या पारा ४५ च्या आसपास, त्यामुळे दिवसभर बिचारी पंखांनी वारा घेत लटकलेली असतात. अंधार पडायला लागला की निघतात, आणि या दिवसांत थेट जंगलाकडे न जाता आधी तलावावर येतात. एकेक वाघूळ पाण्याच्या अगदी अंगालगत येतं, छाती-पोट पाण्याला घासतं, पाण्यावर एक सरळ रेघ उठते आणि ते वर जातं. मग कुठेतरी टांगून घेऊन ओल्या छातीचे केस चाटतं. पाणी प्यायची हीच त्यांची तऱ्हा.

भाचा ओरडला, "मामा, वागळी!"

मी म्हटलं, बेटा, वाघूळ म्हणतात. तर म्हणे, "वाघूळ नाही, वागळी. मासा असतो. आमच्याकडे बाजारात असते. अश्शीच, पंख पसरलेली."

मी मराठी-इतिहासाचा मास्तर. समुद्र पाहिलाय दोनदा, तोही सहलीसोबत, मुलं मोजत. तेव्हा जाणकारांनी सांगावं: हे दोघे एकमेकांचे कोण? आकार इतका सारखा कसा? का फक्त नावाचा खेळ?

---

मोर्शीचा संत्रेवाला | ४ मे, रात्री ९.३२

मास्तर, मासा राहू द्या, तुमचं भाचं आमच्या वाडीत पाठवा. संत्र्याच्या धुऱ्यानं मी जामाची वीस झाडं लावली. (पुण्या-मुंबईवाल्यांसाठी: जाम म्हणजे पेरू.) रात्री वाघळं येतात, अर्धा जाम खातात, अर्धा खाली टाकतात. सकाळी पाहावं तर झाडाखाली नुसता चोथा. जाळी लावली तं एक वाघूळ अटकलं, ते सोडवता सोडवता मलेच चावलं. पुरे पाच इंजेक्शनं घेतले बाप्पा. दवाखान्यात सिस्टर म्हणे कुत्रं चावलं का, म्हटलं नाई, वाघूळ. तिनं पेनच खाली ठेवला.

अन् एक सांगा, हा जीव तोंडानंच खाते अन् तोंडानंच हागते, हे खरं काय? आमचा बुढा तं शपथ घेऊन सांगे.

---

बदलीची वाट | ४ मे, रात्री १०.०५

मास्तर, मी मूळची उमरेडकडची, पण जिल्हा परिषदेत लागले ती थेट देवगड तालुक्यात. ११ वर्षं काढली. बदली कशी मिळाली ते विचारू नका, तो वेगळा धागा होईल.

तुमचा भाचा बरोबर बोलतोय. तिकडे पाकट म्हणतात, वागळी म्हणतात. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुमच्यासारखंच वाटलं, की बाई वाघूळ विकतेय. आमची शाळा जेटीच्या वरच्या अंगाला होती, सुट्टीच्या दिवशी लिलाव बघायला जायचे.

एकदा एक मोठी वागळी आली होती. दोघांनी ओढत आणली. पसरलेल्या चादरीएवढी. पाठ मातकट-पिवळी, तिच्यावर दाट काळपट ठिपके. शेपूट म्हणजे नुसता आसूड, अंगापेक्षा कितीतरी लांब. उलटी केली तर पोट पांढरं, आणि तिथे चेहरा! दोन डोळे आणि हसरं तोंड. मी अगदी दचकले. मग शेजारची मावशी म्हणाली, "बाई, ते डोळे नव्हेत, नाकपुड्या. डोळे वर पाठीवर." खरंच, डोळे वर, तोंड खाली. म्हणजे बिचारी काय खाते ते तिला कधी दिसतच नाही. तोंडाच्या खाली दोन्ही बाजूंना पाच-पाच चिरा, त्या कल्ल्यांच्या.

आणि मास्तर, जे बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे. ती तिथेच व्याली. सिमेंटच्या ओट्यावर. एकामागून एक दोन पिल्लं आली, आणि पिल्लं कशी, तर तव्यावरची पोळी गुंडाळावी तशी! दोन्ही पंख अंगाभोवती गुंडाळलेले. ओट्यावर पडल्यावर हळूहळू उलगडली. मी तोवर समजत होते की मासा म्हणजे अंडी. मावशी म्हणाली, जाळ्यात सापडल्यावर भीतीनं अशी टाकतातच. कोणीतरी पिल्लं उचलून पाण्यात फेकली. जगली की नाही देव जाणे.

---

तालुका प्राध्यापक | ४ मे, रात्री ११.२०

प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून लांब लिहिणार. मास्तरांनी जांभई दिली तरी चालेल.

आधी ओळख. पाळीवरचं मोठं वाघूळ म्हणजे टेरोपस मीडियस. जुन्या पुस्तकांत टेरोपस जायगँटियस सापडेल, तेच. फळं खाणारं. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत १.२ ते १.५ मीटर, वजन मात्र जास्तीत जास्त १.६ किलोच्या घरात. शेपूट अजिबात नाही. ताईंच्या वर्णनावरून ती वागळी हिमांतुरा युआर्नाक किंवा तिची अगदी जवळची बहीण असावी. ठिपके असलेल्या तीन-चार जाती इतक्या सारख्या आहेत की शास्त्रज्ञांचाही गोंधळ होत आलाय. तिची तबकडी (शेपूट सोडून पसरट अंग) दीड मीटरपर्यंत आणि त्याहूनही मोठी होते. वजन १२० किलोपर्यंत नोंदलेलं आहे.

रुंदी जवळपास तेवढीच, आणि एक दीड किलोचं, दुसरी शंभरच्या वर! यातच सगळी गोष्ट आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. वागळीला पाणीच उचलून धरतं. वाघळाला हवा काही उचलून धरत नाही, तेव्हा त्यानं अंगावरचं सगळं ओझं काढून टाकलंय.

आता पंख. संत्रेवाले भाऊ, पुढच्या वेळी जाळीत वाघूळ अडकलं तर हात न लावता बॅटरी मारून पंख बघा. आरपार उजेड दिसतो आणि आत बोटं दिसतात. दंड, मग कोपर, मग मनगट, मग चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबच लांब. अंगठा मोकळा, त्याला नख. फळं खाणाऱ्यांच्या दुसऱ्या बोटालाही नख असतं, बारीक. म्हणजे वाघळाचा पंख हा अख्खा हात आहे, बोटांमध्ये कातडी ताणलेला. म्हणून तो हातासारखा मिटतो, वळतो, फळ धरून ठेवायलाही कामी येतो.

वागळीच्या पंखात हाडच नाही. सगळा सांगाडा कुर्च्यांचा, आपल्या कानाच्या वरच्या लवचीक भागात असते तशी. शार्कची ती जवळची नातेवाईक. छातीचे दोन कल्ले (पोहायचे पर या अर्थी) पुढे वाढत वाढत डोक्याच्या बाजूंना जाऊन चिकटले आणि डोकं-धड-पंख यांची एकच थाळी झाली. आत कुर्च्यांच्या बारीक काड्या पंख्यासारख्या बाहेर गेलेल्या, प्रत्येक काडीला असंख्य सांधे. त्यामुळे ती पंख मारत नाही, पंखाच्या कडेनं लाट सोडते. वाऱ्यावर धोतराचा सोगा हलतो तशी. पंख मारत पोहणारे पाकटही आहेत, त्यांची टोकं टोकदार असतात, पण ही त्यातली नव्हे.

तेव्हा मास्तर, नातं विचाराल तर फार लांबचं. दोघांचा सामाईक पूर्वज ४० कोटी वर्षांपेक्षाही मागे. वाघूळ वागळीपेक्षा तुमच्या जास्त जवळचं आहे. तुमच्याच काय, बैलाच्याही.

आणि तोंडानं हागण्याचं: नाही. ते फळ चावून रस गिळतं आणि चोथ्याची गोळी थुंकतं. तीच बुढ्यांनी पाहिली असणार. खालची क्रिया करायची वेळ आली की अंगठ्याच्या नखांनी फांदी धरून सरळ होतं, उरकतं, परत उलटं.

---

ढिवरवाड्याचा | ५ मे, सकाळी ६.४५

सरांनी कल्ले म्हणजे पर असं लिहिलं, आमच्यात कल्ले म्हणजे मासोळी श्वास घेते ते. पोरांचा गोंधळ होईल, पर म्हणा.

आमच्या तलावात वागळी नाही. मरळ, वाम, शिंगाळा, झिंगे, हेच. पण काट्याचं म्हणाल तर शिंगी आहे. लहान मासोळी, काळी, तिचा बाजूचा काटा टोचला की माणूस रात्रभर बोंबलते. मी स्वतः तीनदा खाल्ला. एकदा तर कोपरापर्यंत ठणका. वागळीचा काटा तसाच काय?

---

तालुका प्राध्यापक | ५ मे, सकाळी ७.३०

मान्य, पर. माझी चूक.

आणि शिंगीची आठवण चांगली काढली, मला हा दाखला सुचलाच नसता. जात वेगळी, पण तऱ्हा तीच. वागळीचा काटा शेपटीच्या टोकाला नसतो, मधेच वरच्या अंगाला असतो. करवतीसारखा दातेरी, दात मागे वळलेले. म्हणजे घुसताना सरळ, निघताना फाडत निघतो. वरून पातळ कातडी, तिच्याखाली विषाच्या पेशी. टोचला की कातडी फाटते आणि विष जखमेत उतरतं. हल्ला करायला नव्हे, पाय पडला तर. ती वाळूत अंग पुरून पडलेली असते, फक्त डोळे आणि डोळ्यांमागची दोन भोकं वर. तोंड वाळूत असल्यामुळे श्वासाचं पाणी त्या भोकांतून आत घेते. ऑस्ट्रेलियाचा प्राणीप्रेमी स्टीव्ह आयर्विन २००६ मध्ये पाकटाच्याच काट्यानं गेला, तो छातीत लागून. अशी मरणं फार कमी, पण ठणक्याला तोड नाही.

दोन्हींवर प्राथमिक उपाय एकच: सोसवेल इतक्या गरम पाण्यात भाग बुडवून ठेवायचा. साधारण ४५ अंश, अर्धा-पाऊण तास, दीड तासही. ही विषं उष्णतेनं निकामी होतात. पोळेल इतकं गरम नाही. काटा मोडून आत राहिला किंवा छाती-पोटात लागला असेल तर उपसायचा नाही, दवाखाना.

---

ढिवरवाड्याचा | ५ मे, सकाळी ७.४१

आमची माय चुलीवर पाणी तापवून हात बुडवायला लावे. लोक हसत होते.

---

दगडगोटे (राजुरा) | ५ मे, दुपारी १.१५

खाणीत नोकरी, दगड बघण्याचा नाद. दोन गोष्टी टाकतो.

एक. विदर्भात वागळी नाही असं सगळे म्हणताय, पण राजुऱ्याहून दक्षिणेला हद्द ओलांडली की आसिफाबाद. तिथे डायनोसॉरच्या शेवटच्या काळातल्या थरात पाकटाच्या नात्यातल्या माशांचे दात मिळालेत. इगडाबॅटिस नाव. चपटे, फरशीसारखे एकाला एक लागून बसणारे दात, शिंपले फोडायचे. दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या सुमाराची गोष्ट. कुर्च्या कुजून जातात म्हणून यांचे अख्खे सांगाडे क्वचितच मिळतात, दात मात्र टिकतात.

दोन. ही जास्त गमतीची. सुरत जिल्ह्यात वस्तानची लिग्नाइट खाण आहे. तिथे ५ कोटी वर्षांपेक्षा जुन्या थरांत वाघळांचे अवशेष निघालेत, जगातल्या सगळ्यात जुन्या वाघळांपैकी. आणि त्याच खाणीत पाकटांचेही दात निघालेत. समुद्राकाठची दलदल असावी, वरून वाघळं उडत असतील, खाली पाकट. दोघं एकाच खड्ड्यात गाडली गेली आणि एकाच खाणीत वर आली.

ती वाघळं लहान, किडे खाणारी होती. मास्तरांच्या झाडावरची नव्हेत.

---

मोर्शीचा संत्रेवाला | ५ मे, दुपारी २.०२

म्हणजे सर म्हणतात नातं नाई, अन् हे भाऊ दोघायले एकाच खड्ड्यात घालून रायले. एक काहीतरी धरा ना बे.

---

तालुका प्राध्यापक | ५ मे, दुपारी ३.४०

एका स्मशानात दोघांना जाळलं म्हणून ते भाऊ होत नाहीत.

पण गोंधळलेले तुम्ही एकटे नाही. स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञानं १७५८ मध्ये सगळ्या प्राण्यांची यादी केली, तेव्हा वाघळाला माकड-माणसांच्या गटात बसवलं आणि पाकटाला बेडूक-सापांच्या. एकाच पुस्तकात दोन्ही चुकले.

काल एक बारकावा राहिला. वाघळाचा पंख आणि वागळीचा पर यांचा काहीच संबंध नाही असं म्हणणंही बरोबर नाही. माशाचा छातीचा पर आणि आपला हात ही मुळात एकाच जागची, एकाच जोडीची वस्तू. भ्रूणात दोन्हींची सुरुवात अंगाच्या कडेला आलेल्या फुगवट्यानं होते. अवयव जुना, वारशात मिळालेला. पण 'पसरट पंख' हा आकार दोघांनी स्वतंत्रपणे कमावला. एकाच वावराचे दोन वाटे, एकानं विहीर खोदली, दुसऱ्यानं घर बांधलं.

---

वर्धेची वहिनी | ५ मे, संध्याकाळी ५.२५

सगळं वाचलं. निपाहचं कोणी बोलत नाही? २०१८ ला केरळात कोझिकोडला झालं होतं ते याच वाघळांमुळे ना? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर झाडच तोडा म्हणत होते.

---

तालुका प्राध्यापक | ५ मे, संध्याकाळी ६.१०

हो, विषाणू याच जातीत राहतो. म्हणून उष्टं फळ खायचं नाही, खाली पडलेल्या वाघळाला उघड्या हातानं शिवायचं नाही (संत्रेवाले, ऐकताय?), चावलं तर लगेच धुवायचं आणि डॉक्टर. झाड तोडून मात्र वाघळं दहा गावांत पांगतील. आजार पांगवायचा असेल तर तो चांगला उपाय आहे.

---

बदलीची वाट | ५ मे, रात्री ८.५०

सर, माझा प्रश्न राहिलाच. वागळी व्याली कशी? पोटात पिल्लाला खायला काय?

---

तालुका प्राध्यापक | ५ मे, रात्री १०.३०

ताई, मला स्वतःला या धाग्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट तुमचा तो ओटाच आहे. पंखांच्या नादात आपण सगळे बाहेरून बघत होतो.

वागळीचं अंडं पोटातच फुटतं. पिल्लाची आधी अंड्यातल्या बलकावर गुजराण होते. तो संपला की आईच्या गर्भाशयाच्या अस्तरावर केसांसारखे बारीक धागे असतात, त्यातून एक दाट, स्निग्ध, दुधी रंगाचा द्रव पाझरतो. पिल्लू त्यावर वाढतं. शास्त्रात त्याला सरळ 'गर्भाशयातलं दूध' म्हणतात. वार नाही, नाळ नाही. मोजकीच पिल्लं, पण जन्मतात ती आईच्या लहान प्रती, काट्यासकट. काटा तेव्हा मऊ आवरणात असतो, नाहीतर आईचं काही खरं नव्हतं.

मोठ्या वाघळाला एका वेळी एकच पिल्लू. पाच महिन्यांच्या आसपास पोटात, आपल्याकडे जन्म बहुधा फेब्रुवारी ते मे. आईच्या काखेशी स्तन, पिल्लू पहिले काही आठवडे छातीला चिकटून तिच्यासोबत उडतं. ४० कोटी वर्षांच्या अंतरावर असलेल्या या दोघींनी पिल्लाला पाजायची सोय केली, एकीनं बाहेर, दुसरीनं आत. आणि दोघी हिशेबानं व्यायच्या. रोहूची मादी लाखांनी अंडी टाकते, तिच्यातली हजार पकडली तर तलावाला कळतही नाही. एका उन्हाळ्यात झाडाखाली वीस वाघळं मेली किंवा एका जाळ्यात दहा गाभण वागळ्या आल्या, तर ती तूट भरायला वर्षं जातात. ठिपक्यांची वागळी आज धोक्यातल्या यादीत आहे. वाघूळ तसं नाही, पण परवापर्यंत कायद्यानं त्याला उंदरा-कावळ्यांबरोबर उपद्रवी ठरवलं होतं. कोणीही मारावं. १९७२ च्या कायद्यातली ती यादी २०२२ च्या दुरुस्तीत गेली.

---

मोर्शीचा संत्रेवाला | ५ मे, रात्री १०.४४

कायदा गेला, जाम माझेच जाऊन रायले. पण ते पाजायचं वाचून बायकोले सांगितलं. ती म्हणे उद्यापासून खालच्या फांद्यायलेच जाळी बांधा, वरचे खाऊ द्या.

---

झाडीबोली (अर्जुनी मोरगाव) | ६ मे, सकाळी ८.१५

वरचे खाऊ द्या हेच बरं. आमच्याइकडे मोहाखाली पहाटे जा, वाघळानं पाडलेली फुलं आणि पुढे टोरी (मोहाचं फळ) सापडते. टोरी ते गर खाऊन लांब नेऊन टाकते, तिथं मोह उगवते. आम्ही ज्या झाडाचं तेल काढतो ते कोणी लावलं, कोणालाच ठाऊक नाही.

---

पाळीवरचा मास्तर | ६ मे, रात्री ८.४०

सगळ्यांचे आभार. आज भाच्याला घेऊन परत गेलो. सरांनी सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं: हात, कुर्च्या, पोळीसारखी पिल्लं. पोळी ऐकून तो म्हणाला, "मग मी बाजारात बघितली ती आई होती का?" मला उत्तर देता आलं नाही.

आज दुर्बीण नेली होती. अंधार पडायच्या आधी खालच्या फांदीवर एक मादी दिसली, पंख अंगाभोवती लपेटलेले. मधेच पंख जरा उघडला तर आत एक छोटं डोकं. भाच्यानं दुर्बीण अर्धा तास सोडली नाही. मग ती निघाली, पण पाण्यावर आली नाही. भाचा थांबायला तयार, मी म्हटलं आई रागावेल. आम्ही पाळ उतरत होतो तेव्हा मागे चप्पकन आवाज झाला. वळून पाहिलं तर पाण्यावर नुसती रेघ. तीच होती की दुसरी, कळलं नाही.

आता तो विचारतोय की वागळी झोपते तेव्हा डोळे मिटते का. सर, सवडीनं सांगा. आमच्याकडे लाईट गेली आहे, मोबाईल ९ टक्क्यांवर.